खूण दिसेल तिथे कानस

एका गावात एक भोळा घरजावई होता. त्याचं नाव कोंडीबा. आळशी म्हणाल तर तसा नव्हता, उर्मट तर मुळीच नव्हता. उलट सांगितलेलं इतकं ऐकायचा की सांगणाऱ्यालाच पश्चात्ताप व्हावा. एकदा सासूनं सांगितलं, "पाव्हणं यायचं हायती, वाटंकडं डोळं लावून बस." पाहुणे मागच्या दारानं आले, जेवले, पान खाऊन परतही गेले. कोंडीबा पुढच्या ओट्यावर वाटेकडे डोळे लावून बसलेला तसाच होता. अंधार पडल्यावर बायकोनं त्याला आत नेलं.

त्याचे सासरे बयाजीमामा. नात्यानं आधी मामा, मग सासरे, त्यामुळे कोंडीबाला रागावण्याचे दोन्हीकडचे हक्क त्यांच्याकडे होते. चावडीशेजारी त्यांची पत्र्याची टपरी होती. बाहेर जुनी कुलपं टांगलेली, आत एक फळी, फळीवर मामा. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा किल्लीवाला नव्हता. किल्ली हरवली, कुलूप बंद, नमुन्याला काही नाही, तरी मामा किल्ली करून देत. कोरी किल्ली कुलपात घालायची, जोर देऊन हलवायची आणि बाहेर काढायची. आतल्या खिट्ट्या किल्लीला जिथे दाबतात तिथे बारीकशी खूण उमटते. नेमकं तेवढंच कानशीनं घासायचं, पुन्हा घालायची, पुन्हा बघायची. असं करता करता कुलूप आपणच सांगतं की मला कसली किल्ली लागते.

पण ती खूण असते मुंगीच्या पावलाएवढी, आणि मामांची नजर आता अधू झाली होती. सुईत दोरा ओवायला ते मामीला हाक मारत, आणि मामीलाही दिसत नसे.

एके दिवशी मामांनी जावयाला समोर बसवलं.

"कोंडीबा, भैरोबाच्या जत्रंच्या आत एक तरी किल्ली तू सोता करून कुलूप उघडलंस, तर ही टपरी तुझी. न्हाई जमलं तर टपरी इकतो, आन् तू जा तुझ्या बापाकडं शेरडं राखाय."

कोंडीबानं डोक्यावरची टोपी घट्ट धरली. बापाच्या शेळ्या त्याला चांगल्या ओळखून होत्या. लहानपणी त्यांनी त्याची टोपी खाल्ली होती, आणि एकदा अंगातला सदरा तो अंगात असतानाच खाल्ला होता. त्यातून त्याची बायको सारजा दारातून म्हणाली, "म्या काय शेरडांमागं यायची न्हाई. तुम्ही एकलंच जावा." कोंडीबाचं सारजेवर फार प्रेम होतं. तिच्याशिवाय त्याला संध्याकाळी घरसुद्धा सापडत नसे.

"मामा, तुम्ही सांगाल तसं करतो," तो म्हणाला.

"त्याचंच तर भ्या वाटतंय," मामी आतून म्हणाली.

मामांची जुनी कानस झिजून गेली होती. म्हणून पहिलं काम ठरलं नवी कानस आणायचं. मामा म्हणाले, "तालुक्याला जा आन् एक दमदार कानस आण. हातात धरल्यावर कळलं पायजे, कानस धरली म्हणून."

कोंडीबा गेला. दुकानातली सगळ्यात दमदार कानस त्यानं निवडली. ती हातभर लांब होती. नालबंद घोड्याचे खूर घासायला वापरतात ती. खांद्यावर टाकून त्यानं ती घरी आणली.

मामांनी कपाळावर हात मारला. "आरं, किल्ली घासायचीय का घोडा? असल्या खरबरीत कानशीनं किल्लीवर नांगरट हुईल. त्या नांगरटीत मुंगीचं पाऊल दिसंल का तुला?"

"न्हाई दिसायचं."

"मग? मऊ बघून घ्यावी. नखावर फिरवायची. नख कुरकुरलं की ठिवायची खाली."

"असं व्हय! आता ध्यानात राहील," कोंडीबा म्हणाला. मोठी कानस मात्र त्यानं टाकली नाही. कमरेच्या करगोट्यात खोवून ठेवली. गावातली कुत्री तिला बघून वाट सोडत, ते त्याला आवडलं.

दुसऱ्या दिवशी सारजेनं त्याला किसणी आणायला पाठवलं. भोपळा किसायचा होता. कोंडीबानं दुकानातली एकेक किसणी नखावर फिरवली. पहिली कुरकुरली, दुसरी कुरकुरली, तिसरीनं तर नखाचा टवका काढला. शेवटी एक वस्तू मिळाली, तिनं नखाला काही केलं नाही. दुकानदार म्हणाला, "ही ताटली हाय." कोंडीबा म्हणाला, "असू दे, पर मऊ हाय."

सारजेनं ताटलीवर भोपळा घासून बघितला. भोपळ्याला काहीच झालं नाही. तिनं कपाळावर हात मारला.

"अवो, किसणी कशी हाताला ओरबाडली पायजे! गुळगुळीत वस्तू काय कामाची? चांगली खरबरीत बघून घ्यायची."

"असं व्हय! आता ध्यानात राहील."

पुढच्या बाजारी मामीनं त्याला तोंड पुसायला पंचा आणायला सांगितलं. कोंडीबानं सगळ्यात खरबरीत बघून घेतला. काथ्याचा होता. लोक तो दारात टाकतात आणि त्याला पाय पुसतात. मामीनं तोंड धुतलं, डोळे मिटून हात पुढे केला, आणि कोंडीबानं आदरानं तो तिच्या हातात दिला. मामीचं नाक दोन दिवस लाल होतं. तेवढे दोन दिवस ती जावयाशी बोलली नाही, आणि घर जरा शांत राहिलं.

तिसऱ्या दिवशी बोलली. "मेल्या, तोंडाला लावायची वस्तू! गालावरनं फिरवून बघावी. लोण्यावानी लागली तरच घ्यावी."

"असं व्हय! आता ध्यानात राहील."

इकडे जत्रा जवळ येत चालली आणि मामांच्या हातात अजून कानस नव्हती. कोंडीबा पुन्हा तालुक्याला गेला. दुकानात उभा राहून त्यानं एकेक कानस गालावरून फिरवली. दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, दाढी करायचीय का?" लोण्यासारखी लागणारी एकच निघाली. ती घड्याळजी वापरतात, चकाकी आणायला. कोंडीबा आनंदानं घरी आला.

मामांनी ती कोऱ्या किल्लीवर फिरवली. किल्ली लखलखायला लागली. मामांचं त्यात नाक दिसलं, मिशी दिसली. त्यांनी कपाळावर हात मारला, तोही दिसला.

"आरं, आरसा केलास हिचा! हितं नुसती चकाकी. डोळं दिपल्यावर खूण दिसंल का? नांगरट नको तसा आरसाबी नको. घासल्यावर किल्ली कशी मळकट, सपाट दिसली पायजे, म्हंजी खूण उठून दिसती. लई मोठ्या दात्याची न्हाई, लई बारीक दात्याची न्हाई. मधली घे रं बाबा, मधली!"

"मधली! असं बोला की. आता ध्यानात राहील."

कोंडीबा एसटी स्टँडवर गेला. तिथे गाड्या लागल्या होत्या. तो मधल्या गाडीत बसला. ती भलत्याच गावाला गेली. तिथेही एक हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानदारानं कानशी ओळीनं मांडल्या. कोंडीबानं मधली उचलली. रात्री उशिरा सारजा कंदील घेऊन फाट्यावर उभी होती, तेव्हा हे महाशय तिसऱ्याच दिशेनं चालत आले.

मामांनी कानस बोटावर फिरवली. मग किल्लीवर. मग किल्ली उजेडात धरली. सारजेनं कंदील आणखी जवळ आणला.

"हीच," मामा म्हणाले. "आरं, हीच की!"

त्या घरात कोंडीबाचं कौतुक होण्याची ही पहिलीच वेळ. मामीनं त्याला गूळ-शेंगदाणे दिले. आपण आता जवळजवळ मिस्त्री झालो, असं कोंडीबाला वाटलं.

सकाळी मामांनी खरा धडा दिला. "आता ध्यान दिऊन ऐक. खूण दिसंल तितंच घासायचं. खूण दिसली की सोडायची न्हाई. आन् खूण न्हाई तितं कानस टेकवायचीसुदीक न्हाई. एवढंच इंगित हाय."

"खूण दिसंल तितं घासायचं. खूण न्हाई तितं टेकवायची न्हाई," कोंडीबानं म्हणून दाखवलं. बरोबर म्हणाला. मामा खूश होऊन जत्रेच्या बैठकीला गेले.

आदल्याच दिवशी मामीकडे हळदीकुंकू झालेलं होतं. त्यासाठी आळीतल्या बायकांकडून भांडी मागून आणली होती. तांबे, पातेली, परात, सगळी घासूनपुसून ओसरीवर पालथी घातलेली. आता आपल्याकडे भांडं म्हटलं की त्यावर नाव आलंच. कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या मामानं दिलेला, नाव घातल्याशिवाय भांडं घराबाहेर जात नाही. कोंडीबा नवी कानस घेऊन ओसरीवर आला आणि बघतो तर काय, जिकडे तिकडे खुणा!

त्यानं दुपारभर मान वर केली नाही. एक अक्षर सोडलं नाही. काम इतकं सफाईचं की हात फिरवला तरी कळू नये.

संध्याकाळी बायका भांडी न्यायला आल्या. सगळे तांबे सारखे. सगळी पातेली सारखी. आधी कुजबुज झाली, मग आवाज चढले. दोन सख्ख्या जावा एकाच परातीचे दोन काठ धरून उभ्या राहिल्या. एक म्हातारी एका तांब्याला छातीशी धरून रडायला लागली, हा माझ्या भावानं दिलेला आहे म्हणाली, आणि तेवढ्यात तिला शेजारचा तांबाही आपल्या भावाचाच वाटायला लागला. मामा आले तेव्हा कोंडीबा शेवटच्या वाटीवर फुंकर मारत होता.

मामांनी दोन्ही हात कपाळावर मारले.

"आरं, भांड्यावरच्या खुणंला हात लावायचा न्हाई! भांड्यावरच्या न्हाई!"

"भांडी सोडून," कोंडीबानं मनाशी पक्कं केलं. "असं व्हय! आता ध्यानात राहील."

"आन् आजपास्नं काम झालं की कानस म्हाज्या हातात द्यायची. तुझ्याकडं ऱ्हायली तर गाव उजाड करशील."

तेही कोंडीबानं ध्यानात ठेवलं.

त्या रात्री तो जेवला नाही. चार दिवसांवर जत्रा, आणि त्याच्या हातून एक कुलूप उघडलं नव्हतं. सारजा भाकरी घेऊन शेजारी बसली. "मनाला लावून घेऊ नगा," ती म्हणाली. "तुमचा हात लई चांगला हाय. आळीत कुणाला नावाचा ठिपका दिसंना." कोंडीबाला बरं वाटलं. पण डोळा लागला की स्वप्नात शेळ्या यायच्या.

जत्रेचा दिवस उजाडला. भैरोबाच्या देवळामागे दगडी कोठी आहे. जेवणावळीची सगळी मोठी भांडी तिच्यात असतात. काहिली, हंडे, पळे. खिडकी नाही, झरोका नाही, जाडजूड दार आणि त्यावर जुनं पितळी कुलूप. आणि गुरवानं कोठीची किल्ली सकाळीच विहिरीत पाडली होती. पाणी शेंदायला वाकला आणि कनवटीची किल्ली गेली खाली. चुली पेटलेल्या. डाळ निवडून ठेवलेली. अख्खा गाव ताटकळलेला.

"कुलूप फोडायचं न्हाई," सरपंच म्हणाले. "देवाचं हाय. वाडवडलांनी बसवलंय. बयाजी, तू किल्ली कर."

मामांनी कोरी किल्ली कुलपात हलवून काढली आणि डोळ्यांपुढे धरली. खूण दिसेना. त्यांनी ती हळूच खाली घेतली आणि जावयाकडे बघितलं. सारजेनं पदराचं टोक दातात धरलं.

"कोंडीबा, बस म्होरं," मामा म्हणाले.

कोंडीबा बसला. किल्ली घातली, जोर देऊन हलवली, काढली. खूण होती. मधल्या कानशीनं तेवढंच घासलं. पुन्हा घातली, पुन्हा काढली. नवी खूण. तेवढंच घासलं.  कोंडीबाला ना गाव दिसत होतं, ना देऊळ. घासता घासता शेवटी किल्ली फिरली आणि कुलूप खट् करून उघडलं.

एकच गलका झाला. गुरवानं गुलालाचं ताट आणलं आणि सरपंचांच्या, मामांच्या कपाळाला बोटभर गुलाल लावला. मामांनी जावयाची पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा ते जावयाला म्हणाले, "शाब्बास, मिस्त्री."

कोंडीबा उभा राहिला आणि काम झालं म्हणून मधली कानस मामांच्या हातात दिली. मामांनी ती खिशात घातली. सरपंच, गुरव आणि मामा भांडी बघायला कोठीत शिरले. जाता जाता मामा शिकवण्याच्या भरात म्हणाले, "आन् नुसतं उघडून भागत न्हाई बरं का. किल्ली केली की बंदबी करून बघायचं. न्हाईतर गिऱ्हाईक परत येतं."

कोंडीबानं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली फिरवली. झकास बंद झालं. त्यानं किल्ली बाहेर काढून उजेडात धरली. पुरता खूश झाला होता. पण बघतो तर किल्लीवर बारीकशी खूण.

खूण दिसली की सोडायची नाही. मधली कानस मामांच्या खिशात. पण कंबरेला मोठी होती की! दोन-चार हात मारले आणि खूण गेली. खुणेबरोबर किल्लीचे दातही गेले.

आतून आवाज आला. "कोंडीबा! दार का लावलंस रं?"

"बंद हुतंय का बघत हुतो, मामा."

"हुतंय का?"

"झकास हुतंय."

"मग उघड की!"

कोंडीबानं किल्ली घातली. ती गरागरा फिरली. इकडे फिरली, तिकडे फिरली. कुलूप आपलं गप्प.

"मामा, फिरतीया नुसती."

"किल्लीला काय केलंस?"

"खूण दिसली, घासली."

"कशानं?"

"मोठीनं. मधली तुमच्यापाशी हाय. तुम्हीच मागून घेतली."

 आत अंधारात कुणीतरी काहिलीत बसल्याचा मोठा आवाज झाला. ते सरपंच होते.

मामा दाराला तोंड लावून म्हणाले, "ऐक. शांतपणानं ऐक. कुलपाला हात लावू नगंस. ती मोठी कानस घे आन् दाराची कडी घास. घासून काप. असल्या कामालाच ती असती."

कोंडीबानं कडी खालून-वरून निरखली. "मामा, कडीवर खूण न्हाई."

"खूण गेली खड्ड्यात! घास!"

"खूण न्हाई तितं कानस टेकवायचीसुदीक न्हाई. हेच तर इंगित हाय म्हणालात."

मामा दारावर मुठी मारायला लागले. बाहेर डाळ भिजून फुगत होती. गावकरी कोंडीबाला समजावत होते, आणि तो सगळ्यांना नम्रपणे सांगत होता, माझे मामा आत आहेत, त्यांनी शिकवलंय ते मी मोडणार नाही.

सारजा मात्र पुढे झाली. एवढ्या वर्षांत तिला नवरा पाठ झाला होता. तिनं गुरवाच्या ताटातला चिमूटभर गुलाल घेतला आणि कडीवर आडवी रेघ ओढली.

"ही बघा खूण."

"आता कसं!" कोंडीबा म्हणाला.

त्यानं मांडी ठोकली आणि मोठी कानस चालवली. ठिणग्या उडाल्या. बघता बघता कडी मधोमध कापली गेली, ती पण इतकी सरळ की लोहारानं मान डोलवावी. वाडवडलांच्या कुलपाला ओरखडा नाही. दार उघडलं. मामा रागानं लाल होऊन बाहेर आले. पण त्यांनी कापलेल्या कडीवर बोट फिरवलं आणि कारागिराचा राग कारागिरीपुढे वितळला. शेवटी कुलूप पोरानं उघडलं होतंच, आणि जत्रा सरायच्या आत.

"माणूस गाढव हाय," मामा म्हणाले, "पर हात सोन्याचा हाय. आजपास्नं ही टपरी—"

कोंडीबा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मामांच्या कपाळावर गुलाल होता. घामानं ओला होऊन चांगला उठून दिसत होता. कोंडीबानं नीट विचार केला. मामा हे काही भांडं नव्हतं.

"मामा," तो मोठी कानस सावरत म्हणाला, "जरा हलू नगा."

मामांना मुंगीचं पाऊल दिसत नसे, पण हातभर लांबीची कानस अजून दिसत होती. ते पळाले. देवळाला वळसा घालून पळाले, पेटलेल्या चुलींमधून, पाळण्यांमधून, रेवड्यांच्या दुकानांमधून धोतर सावरत पळाले. मागून कोंडीबा धावत होता आणि कळवळून ओरडत होता, "मामा, अवो थांबा! ही टपरी, म्होरं काय? ते तरी पुरं करा!"

ते वाक्य मामांनी नदीपलीकडून पुरं केलं. टपरी सारजेच्या नावावर केली. आता फळीवर ती बसते, खडूनं खूण करते आणि कोंडीबा तेवढंच घासतो. किल्ल्या अशा होतात की लांबून लांबून गिऱ्हाईकं येतात. आणि त्या गावात अजूनही किल्ली करून घ्यायला निघालेला माणूस टपरीच्या वळणावर थांबतो, उपरणं काढतो आणि आधी कपाळ स्वच्छ पुसतो.